शिफॉनवर लोकर धरत का नाही?

प्रश्न : ताई, लोकर साबणाच्या पाण्यात थापून स्टोल करायला शिकते आहे. रेशमी शिफॉनवर करून पाहिलं, तर वाळल्यावर लोकर अख्खी सुटून आली. घरी गावच्या मेंढ्यांची काळी लोकर आहे, उरलेले स्वेटरचे गुंडेही आहेत. ते चालतील का? आणि साबणाऐवजी रिठा घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गुंडे आधी बाजूला ठेवा. पीळ दिलेल्या धाग्याचा सलग पत्रा होत नाही, आणि मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीचे तर खवले, म्हणजे तंतूवरचे एकमेकांत अडकणारे बारीक पापुद्रे, मुद्दाम निकामी केलेले असतात. कितीही चोळा, ती आटणार नाही. गावची लोकर जाडीभरडी. तिचं आसन करा, पिशवी करा, पण मानेला ती टोचणारच. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा तंतू कातडीला खुपतो. गळ्यासाठी १८ ते २० मायक्रॉनच्या मेरिनोचे, म्हणजे मऊ लोकरीच्या मेंढीचे, पेळू (विंचरलेल्या, न कातलेल्या लोकरीच्या लांब वाती) मागवा.

आता सुटून आलेल्या लोकरीबद्दल. माझा अंदाज, तुम्ही पाणी कडक घेतलंत आणि पहिल्यापासून जोर लावलात. तसं केलं की लोकर आपापसातच गुंतते, रेशमात उतरतच नाही. पेळूतून पातळ झुबके ओढून शिफॉनवर पसरायचे. त्यासाठी पेळू धरताना दोन हातांत वीतभर अंतर ठेवा. जवळ धरलात तर तंतू सरकत नाहीत, नुसती ओढाताण. थर इतका विरळ हवा, की खालच्या शिफॉनचा रंग दिसला पाहिजे. वर मच्छरदाणीची जाळी, त्यावर कोमट साबणपाणी, आणि सुरुवातीला तळहाताने फक्त दाबायचं. मग बबलरॅपमध्ये गुंडाळून हलक्या हाताने लाटायचं. अधूनमधून कापड उलटून बघा. उलट्या बाजूला दोन दिवसांच्या दाढीसारखी बारीक लव दिसली, की समजा धरलं. त्यानंतरच गरम पाणी आणि आपटणं. काश्मीर आणि राजस्थानातल्या टोंकचे नमदेवाले, म्हणजे लोकर थापून गालिचे करणारे कारागीरही, भिजवलेली लोकर गुंडाळूनच दाबतात, घाई तिथेही चालत नाही.

मापाचं मात्र कुणी सांगत नाही! आधी २० सेंटिमीटरचा चौकोन करा. तो १४ वर आला, तर आट ३० टक्के. म्हणजे १८० बाय ४० चा स्टोल हवा असेल, तर मांडणी साधारण २५७ बाय ५७ ची. टेबल पुरणार नाही, सरळ फरशीवर बसा. आणि ज्या दिशेने लाटाल त्या दिशेने जास्त आटतं, म्हणून गुंडाळी आडवी-उभी फिरवत राहा.

रिठा इथे कामाचा नाही. लोकरीचे खवले उघडायला साबणाचा क्षार लागतो आणि रिठ्याचं पाणी किंचित आम्ल असतं. साधा ऑलिव्ह तेलाचा साबण घ्या, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून खळबळा आणि सावलीत पसरा. रिठा ठेवून द्या, पुढे स्टोल मळला की थंड पाण्यात धुवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.