खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी फुकट का जातात?

प्रश्न: खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) गावरान कोंबडीखाली एकाच दिवशी 6 अंडी कोंबडीची आणि 6 बदकाची ठेवली. कोंबडीची पिल्ले निघाली, बदकाचे एकही नाही. निघालेली पिल्लेही रात्रीतून गायब होतात. काय करावे?

उत्तर: कोंबडीचे अंडे 21 दिवसांत फुटते, बदकाचे 28 दिवसांत. आपली पिल्ले निघाली की एक-दोन दिवसांत कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि बदकाची अंडी शेवटच्या आठवड्यातच गार पडतात. म्हणून एका कोंबडीखाली एकाच प्रकारची अंडी ठेवा: कोंबडीची 10 ते 12 किंवा बदकाची 6 ते 8. जास्त ठेवली तर कडेची उघडी पडतात. खाकी कॅम्पबेल जातीची बदकी सहसा खुडूक होत नाही, त्यामुळे तिच्या अंड्यांना कोंबडीचाच आधार.

अंडी 7 दिवसांपेक्षा जुनी नकोत आणि ती धुऊ नका. बदकाचे अंडे लहान चणीच्या कोंबडीला उलटवत नाही. ती दाणा खायला उठली की हाताने फिरवा. बदकी ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, कोंबडी कोरडीच. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज कोमट पाण्याचा हलका शिपका द्या. आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. अंडे नितळ दिसले तर काढून टाका. शेवटचे 3 दिवस अंडी फिरवू नका, टवका उडालेले कवच सोलू नका. आतल्या रक्तवाहिन्या फाटून पिल्लू मरते.

रात्रीचे चोर बहुधा घूस, साप किंवा रानमांजर. मुंगूस दिवसा येतो. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबड्या आत ठेवते, शत्रूला अडवत नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, खाली 1 फूट जमिनीत गाडा आणि तळ बाहेरच्या बाजूला वळवा. दाराखालची फट बोटभरही नको. दिवसा पिल्ले डालग्याखाली ठेवा, घारही टळते.

बदकाच्या पिल्लांना चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकेच पाणी द्या. कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांची लव पाण्यात भिजते, ती गारठून मरतात. पहिले 3-4 आठवडे पोहायला सोडू नका. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड अजिबात घालू नका, बदके बुरशीच्या विषाला कोंबड्यांपेक्षा कितीतरी नाजूक असतात.

कोंबडीच्या पिल्लांना 5 ते 7 दिवसांत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात 1 थेंब द्या. पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लस बर्फावर आणा, विरघळवल्यावर लगेच वापरा.