पहिल्यांदाच परदेशी स्की शर्यतीला निघालास, तर

क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे बर्फावरून लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीसाठी तुझी निवड झाल्याचं कळलं, मनापासून आनंद झाला. बालेवाडीला भल्या पहाटे रोलर स्कीवर कमावलेला दम तिकडे नक्की कामी येईल. पण रोलरला चाकं असतात, मेण नसतं, आणि तिकडे अर्धा खेळ मेणाचा. क्लासिक प्रकारात, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून पुढे सरकतात त्यात, स्कीच्या मधोमध, पावलाखाली, पकड देणारं मेण लावतात. बर्फ ओला झाला की तेच दगा देतं. माझ्या पहिल्या शर्यतीत मी सकाळच्या थंडीचं मेण लावून बसलो, दुपारी ऊन चढलं आणि दर चढावर पाय मागे सरकत राहिला. तेव्हापासून शर्यतीत उतरण्याआधी चिमूटभर बर्फ बोटांत चुरडून बघतो. गोळा वळला तर मेण बदलायचं. फ्लोरिनवालं मेण कुणी देऊ केलं तरी घेऊ नकोस, 2023-24 च्या हंगामापासून त्यावर बंदी आहे.

वेताळ टेकडीवर पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, घेऊन चढायचा सराव सोडू नकोस. तिकडच्या मार्गावर साधारण एक तृतीयांश चढच असतो. उतारावरचं वळण मात्र पुण्यात शिकता येत नाही, म्हणून जमलं तर आठवडाभर आधी पोहोच.

क्रमांकाची धास्ती नको. 2018 ला प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये आपले भारताचे जगदीश सिंग 15 किलोमीटरला उतरले होते, पहिल्या शंभरात नव्हते, पण शर्यत पूर्ण केली. तूही पहिले दोन किलोमीटर जपून काढ. आणि कोरडे हातमोजे जादा ने, ओले झाले की पोल धरवत नाही.