नकली पेगासस खऱ्या खोक्यात?

प्रिय ताई,
माझा मुलगा पुढच्या महिन्यात आठ वर्षांचा होतोय. वाढदिवसाला त्याला 'स्टॉर्म पेगासस' नावाचा बेब्लेडच हवाय, म्हणजे तो झुंजीचा जपानी भोवरा, तोही ओरिजिनल. डोंबिवली, ठाणे, पार क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पालथं घातलं, सगळीकडे नकली. ऑनलाइन एक जण सहा हजार सांगतोय. मिस्टर म्हणतात, दीडशेचा आण, चांगल्या खोक्यात घाल, त्याला काय कळतंय. सासूबाई म्हणतात, एवढे लाड कशाला, आमच्या वेळी मुलं एका भोवऱ्यावर खूश असायची. माझा मावसभाऊ टोकियोत, निशी-कासाईला राहतो. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, तेव्हापासून बोलणं नाही. आता खेळण्यासाठी कुठल्या तोंडाने फोन करू?
– हैराण आई, डोंबिवली

प्रिय हैराण आई,

तुझ्या मिस्टरांचा मुद्दा आधी निकालात काढते. त्याला कळतं. तुम्हा दोघांपेक्षा जास्त कळतं. त्या भोवऱ्याचं पूर्ण नाव विचार त्याला, 'स्टॉर्म पेगासस १०५ आरएफ' असं एका दमात सांगेल. १०५ म्हणजे मधल्या तुकड्याची उंची, साडेदहा मिलिमीटर. आरएफ म्हणजे रबर फ्लॅट, खालचं सपाट रबरी टोक. खोकं उघडल्यावर तो आधी तेच टोक नखाने दाबून बघणार. त्याला नाही कळलं तर सोसायटीतल्या पोरांना कळेल, आणि ते चारचौघांत कळेल.

माझ्या धाकट्या भावाला सावंतवाडीचा लाखकाम केलेला भोवरा हवा होता. बाबांनी आठवडी बाजारातून एक आणला आणि सावंतवाडीचा म्हणून दिला. भावाने तो उलटा केला, आर म्हणजे खालची लोखंडी अणी बघितली, मग अंगठ्याने रंग घासला. अंगठा लाल झाला. "छान आहे," म्हणाला आणि भोवरा खिशात टाकला. त्या दिवशी तो कुणाला दाखवायला गेला नाही. बाबांना वाटलं, आवडला.

तेव्हा खोक्याची युक्ती नको. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. रस्त्यावरच्या दीडशेच्या मालावर ते दिसलं तर मला कळव.

हा भोवरा दुकानात का नाही, ते सोपं आहे. धातूच्या चाकांच्या बेब्लेडची ही मालिका जपानात २००८ मध्ये आली. त्यानंतर कंपनीने २०१५ मध्ये 'बर्स्ट' काढली, २०२३ मध्ये 'एक्स'. नवा माल असतो तो याच नंतरच्या मालिकांचा. तुझ्या लेकाने जुनी कार्टून मालिका बघितली आणि त्याचा जीव पंधराएक वर्षांपूर्वीच्या भोवऱ्यावर जडला. म्हणजे तुला मिळालाच तर बहुतेक कुणाचा तरी वापरलेलाच मिळेल. त्यात रबराचं टोक खेळून खेळून झिजतं. सहा हजारवाल्याकडे आधी खालच्या बाजूचा फोटो माग, आणि पाचही तुकड्यांचे सुटे फोटो: वरचा बोल्ट, रंगीत रिंग, धातूचं चाक, मधला तुकडा, टोक. टाळाटाळ करायला लागला तर विषय संपला. आणि हो, जपानी खोक्यावर 'पेगासस' नसतं, 'पेगासिस' असतं. ते वाचून नकली समजू नकोस, तिकडे नावच तसं आहे.

हे फोटो तपासणार कोण? तू? नाही गं. तुझा लेक. घरात या विषयातला जाणकार तोच आहे आणि तुम्ही त्याच्यापासूनच लपवत बसलात. सरप्राइज त्याने मागितलेलं नाही, ते तुम्हाला द्यायचंय. त्याला भोवरा हवाय. आजच जवळ बसव आणि सांग, "हा बनायचा बंद झालाय. आम्ही शोधतोय, तूही शोध. वाढदिवसापर्यंत मिळेलच असं नाही." रडेल थोडा. पण वाढदिवसाच्या दिवशी सगळ्यांसमोर रडण्यापेक्षा आज तुझ्या कुशीत रडलेला बरा. किती खर्च करणार तो आकडाही सांगून टाक. आठ वर्षांच्या मुलाला 'याहून जास्त नाही' हे समजतं, फक्त ते आधी सांगावं लागतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की नातू भोवराच मागतोय. बेब्लेड हे नाव 'बेगोमा'वरून आलं. बेगोमा म्हणजे ओतीव धातूचा छोटा जपानी भोवरा. पिंपावर कापड ताणून बांधायचं, दोरी गुंडाळून भोवरा त्यावर सोडायचा आणि दुसऱ्याचा उडवून लावायचा. आपल्याकडे रिंगणात वेगळं काय चालायचं? सासरे असतील तर त्यांना लाकडी भोवरा आणि जाळी, म्हणजे गुंडाळायची दोरी, आणून दे. भोवरा वरच्यावर हातावर झेलायची हातजाळी येत असेल तर वाढदिवसाला पोरं त्यांना सोडणार नाहीत. फक्त तो भोवरा पेगाससच्या बदल्यात म्हणून पुढे करू नकोस. तो आजोबांचा असू दे.

आता मावसभाऊ. खरं सांगू, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं, पेगासस हे निमित्त आहे. लग्नाला न जाण्याचं कारण तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पण त्याला माहीत आहे का ते? नसेल तर संदेशाची सुरुवात तिथूनच कर. "लग्नाला आलो नाही, त्यानंतर फोनही केला नाही, चुकलं माझं." एवढंच, आणि त्या संदेशात भोवरा नको. त्याचं उत्तर येऊ दे, बायकोची चौकशी कर, मावशीच्या तब्येतीचं विचार. दोन-चार दिवसांनी भाच्याचा हट्ट सांग, हसत सांग. टोकियोत नाकानो ब्रॉडवेला 'मंदाराके'ची दुकानं आहेत, जुनी खेळणी विकतात. त्याला वेळ असेल तर चक्कर मारेल. पार्सलला कस्टमचं लचांड लागू शकतं, म्हणून कुणी भारतात येणारं असेल तर त्यांच्या हाती आलेलं बरं, मग वाढदिवस उलटून का जाईना. लेकाला तू सांगितलेलं असेलच.

आणि त्याने उत्तर दिलंच नाही, तर भोवऱ्याचं सोड, मावशीला फोन कर.

संदेश सकाळी पाठव. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. रात्री जेवणं आटोपून साडेनऊला पाठवशील तर त्याच्याकडे एक वाजलेला असेल, आणि दोन वर्षांनी बहिणीचा मेसेज मध्यरात्री आला की माणूस घाबरतो.

– तुझी ताई