सर्व अन्न शुद्ध आहे, मग ख्रिस्ती माणसाने पथ्य का पाळावे?

तुम्ही विचारले आहे की, वजन आणि साखर आटोक्यात आणण्यासाठी तुम्ही गोड व तळलेले सोडले, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी ‘आपल्यात असले काही नसते, सर्व अन्न शुद्ध आहे’ असे सुनावले. तर आहारातला संयम हा ख्रिस्ती विश्वासाचा भाग आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी. पहिल्या भागाचे उत्तर ‘आहे’ असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मला नीटसे साधेल असे वाटत नाही, कारण ज्या वाक्याने तुम्हाला गप्प केले, त्याच वाक्याने माझ्या थोरल्या भावाने २०१६च्या नाताळात मला पंधरा माणसांसमोर गप्प केले होते, आणि त्याला द्यायचे राहिलेले उत्तर मी तेव्हापासून मनात जुळवतो आहे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. ज्या गावात आमच्या आजोबांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच गावात बाप्तिस्मा घेतल्यावर ते प्रभुभोजनाच्या मेजाभोवती सर्वांबरोबर एकाच प्याल्यातून प्याले, आणि ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की अन्नाच्या बाबतीत ‘चालत नाही’ हा शब्दच आमच्याकडे चालत नाही. हे सांगितल्याशिवाय दादाचा राग कळायचा नाही. मला त्या वर्षी ऑक्टोबरात मधुमेह निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ६.५ टक्के किंवा त्याहून वर गेली की मधुमेह समजतात, माझी ९.२ होती. नाताळच्या उपासनेनंतर सगळे दादाकडे जमले, वहिनींनी करंज्या, शंकरपाळे, अनारसे आणि केक अशी भरलेली ताटली पुढे केली आणि मी ‘मला हे चालत नाही’ असे म्हणालो. दादा ताडकन म्हणाला, “मार्क सात, एकोणीस. येशूने सर्व अन्न शुद्ध ठरवले. आजोबा ज्यातून बाहेर आले, त्यात तू परत शिरतोस? आणि लोक ज्याला खादाड म्हणाले, त्या प्रभूचा तू शिष्य!” हा शेवटचा टोमणा मत्तयाच्या अकराव्या अध्यायातला आहे आणि तो खोटा नाही, विरोधकांनी येशूला खादाड व दारूबाज म्हटलेच होते. मला उत्तर सुचले नाही. मी पाणी पिऊन उठलो आणि, खरे सांगायचे तर, सगळ्यांपेक्षा आपण अधिक संयमी ठरलो या समाधानात झोपायला गेलो.

रात्री दीडच्या सुमारास मी स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावला नाही. फराळाचा पत्र्याचा डबा उघडताना झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून पोटाशी धरून उघडला, आणि तळाशी घातलेल्या तुपकट वर्तमानपत्रापर्यंत हात घालून उभ्याउभ्या सात करंज्या खाल्ल्या. तिसरीनंतर चवही लागत नव्हती. नुसते कोरडे सारण घशाखाली लोटणे चालले होते. सकाळी ओट्याखाली सारण सांडलेले पाहून वहिनींनी दादाच्या नातवाला धरले, त्याने चार बोलणी खाल्ली, आणि मी समोर बसून बिनसाखरेचा चहा पीत होतो. मी काही बोललो नाही.

म्हणून आता दादाला माझे उत्तर असे आहे की त्याचे वचन बरोबर होते, पण त्याने मार्काच्या शुभवर्तमानाचा तो अध्याय मध्येच बंद केला. एकोणिसाव्या ओवीनंतर येशू सांगतो की माणसाच्या आतून जे निघते ते त्याला विटाळवते, आणि बाविसाव्या ओवीत त्या यादीत ‘कपट’ आहे. करंजी शुद्धच होती; त्या रात्री अशुद्ध झाले ते माझे गप्प बसणे. विटाळ वेगळा आणि पथ्य वेगळे, हा फरक आपल्या लोकांनी नीट शिकायला हवा. विटाळ पदार्थाला चिकटवलेला असतो आणि तो माणसामाणसांत भिंत घालतो. पथ्य माझ्या हातावर असते आणि त्यात पदार्थाचा काहीही दोष नसतो. प्रेषित पौलाने करिंथकरांस पत्रात लिहिले तेही नेमके हेच आहे: सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, पण मी कशाच्याही अधीन होणार नाही. आमच्याकडे या ओवीचा पूर्वार्ध सगळ्यांना पाठ आहे.

एक मात्र सांगतो. ‘तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे’ ही ओवी घेऊन कोणाच्या ताटावर तुटून पडू नका. तिथे पौल जारकर्माबद्दल बोलतो आहे, तळणाबद्दल नाही. बाबेलच्या राजाच्या दरबारी नेलेल्या दानीएलाने दहा दिवस शाकभाजी आणि पाण्यावर काढले, पण तो काही वजन उतरवत नव्हता. राजाच्या अन्नाने स्वतःला विटाळवून घ्यायचे नाही, असा त्याचा निश्चय होता. आधार हवाच असेल तर पौलाच्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय पुरेसा आहे. आत्म्याच्या फळात प्रीतीपासून सुरुवात होते आणि शेवटचा शब्द मराठी पवित्र शास्त्रात ‘इंद्रियदमन’ असा आला आहे. जीभ हेही इंद्रियच. चौथ्या शतकात वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियसने माणसाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक खादाडपणाला दिला, आणि पुढे तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले, ज्यांत जास्त खाणे हा केवळ एक आहे. घाईघाईने, वेळेआधी खाणे आणि हावरटपणे खाणे हेही त्यात मोडते. माझी रात्रीची दीडची करंजी दोन-तीन रकान्यांत तरी बसली असती.

आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र हा विषय कोणी काढत नाही. दारू आणि तंबाखूवर दरवर्षी प्रवचन होते, ते ऐकून आपण प्रीतिभोजनाला बसतो आणि बिर्याणीची तिसरी वाढ घेतो, आणि खाली बसता येत नाही म्हणून गुडघ्याला दोष देतो. कॅथलिकांकडे निदान राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण घेण्याचा नियम तरी शिल्लक आहे, आणि तोही शहाणपणाने केलेला आहे: १८ ते ५९ या वयालाच तो लागू होतो आणि आजाऱ्याला सूट असते.

सुरुवातीबद्दल विचारलेत. मला उपयोगी पडली ती पथ्याच्या पदार्थांची यादी नव्हे, प्रभूची प्रार्थना. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ हे मी पन्नास वर्षे म्हणत होतो, पण त्यातली ‘रोजची’ आणि ‘आज’ ही दोन पदे कधी जिभेवर थांबली नव्हती. वाळवंटात देवाने इस्राएल लोकांना दिलेला मान्नाही एका दिवसापुरताच गोळा करायचा होता; उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडले. मी जेवायला बसण्यापूर्वी एकदाच वाढून घेतो, ज्वारीची दीड भाकरी, भाजी, वाटीभर आमटी, मग प्रार्थना करतो आणि आमेननंतर ताटात काही येऊ देत नाही. यात धर्मशास्त्र फारसे नाही, पण प्रार्थनेनंतर भांड्याकडे हात गेला की स्वतःलाच ओशाळल्यासारखे होते.

आता काही गोष्टी, ज्या मी आधी सांगायला हव्या होत्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपवास करू नका, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो; आणि प्रार्थनेच्या भरवशावर गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचे ऐकूच नका, पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते आणि पौलाच्या स्वतःच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता. कोणाचे वजन पाहून त्याचा विश्वास मोजू नका; कित्येकांचे वजन थायरॉईडने किंवा औषधांनी वाढलेले असते, आणि बारीक माणूस खादाड नसतो असेही नाही. ज्यांना खाण्यावरून स्वतःचा तिरस्कार वाटतो, त्यांना संयमाच्या ओव्या ऐकवण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे.

तुमच्या ज्येष्ठांशी वाद घालून जिंकाल असे मला वाटत नाही. मी दादाला करंज्यांची हकिकत २०१९मध्ये सांगितली, त्याच्या नातवाचीही माफी मागितली. नातवाला तो प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. दादाचे मत तेच आहे. गेल्या नाताळात त्याने माझ्या ताटलीत मुद्दाम एक करंजी ठेवली, मी ती मोडून अर्धी घेतली, तेव्हा त्याने उरलेली अर्धी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाला, “योहान सहा, बारा. काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा.”