'अधिवास-निर्मिती' की 'परिसरघडण'?

जीव आपला परिसर स्वतः बदलतो, या जीवशास्त्रातल्या कल्पनेला 'निश कन्स्ट्रक्शन' म्हणतात. तिला मराठीत 'अधिवास-निर्मिती' म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

मला ते पटत नाही. अधिवास म्हणजे राहण्याची जागा, हॅबिटॅट. 'निश' म्हणजे जीवाचे निसर्गातले स्थान; त्यात तो काय खातो, कधी वावरतो, कोणाशी झगडतो, हेही येते. मूळ फ्रेंच शब्द भिंतीतल्या कोनाड्याचा. कोनाडा आधीच आहे आणि जीव येऊन त्यात बसतो, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! जीवशास्त्रज्ञ जॉन ऑडलिंग-स्मी यांनी १९८८ मध्ये 'निश कन्स्ट्रक्शन' ही संज्ञा मांडली, तिचा रोख याच्या उलट आहे. बीळ आयते नसते. जीव ते करतो, आणि पुढच्या पिढ्यांत कोण तगणार हे त्या बिळावरही ठरते.

गोव्यात हे समजायला रोयण, म्हणजे वारूळ, पुरे. सातेरी देवीला आपण वारुळाच्या रूपात पुजतो. ते वारूळ उभारते वाळवी. तिचे अंग मऊ, कातडी पातळ, उघड्यावर ती लगेच सुकते. पण वारुळाच्या आत ओल टिकते, म्हणून असले नाजूक अंग पिढ्यानपिढ्या निभावते. शिवाय आत ती बुरशीची शेती करते. पावसाळ्यात रोयणीवर उगवणारी अळमी (अळंबी) आपण चवीने खातो, ती त्याच शेतातली. आज या वाळवीला त्या बुरशीवाचून जगता येत नाही आणि बुरशीलाही वाळवीवाचून नाही. वाळवीने वारूळ घडवले, वारुळाने वाळवी घडवली.

म्हणून मी 'परिसरघडण' सुचवतो. 'निर्मिती'त करणारा वेगळा आणि केलेली वस्तू वेगळी. करणाऱ्याला काही होत नाही. 'घडण'मध्ये दोन्ही अर्थ नांदतात. दागिन्याची घडण सोनार करतो, आणि माणसाच्या मनाची घडण आपसूक होत जाते. घडवणे आणि घडणे ही जोडी मराठीत आयतीच आहे, ती का सोडायची? 'परिसर' हा 'निश'चा काटेकोर प्रतिशब्द नव्हे, हे मान्य. पण 'कोनाडाघडण' म्हटले तर पुन्हा भिंत आलीच.

याच विषयात 'इकॉलॉजिकल इनहेरिटन्स' येते. जनुकांखेरीज पिलांना आईबापांनी बदललेला परिसरही मिळतो, तो 'परिसर-वारसा' म्हणावा. क्रियापद हवे तिथे सरळ लिहावे: 'गांडूळ माती घडवते.'