रजिस्टर काढून घ्यायच्या आधी

बेटा,

तुझा मेसेज वाचला. नागपूरच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमधले जुने बिल्टीवाले, म्हणजे मालाच्या पावत्या बनवणारे, नवीन सॉफ्टवेअरला हातच लावत नाहीत, मुद्दाम रजिस्टरमध्येच लिहून राहिले, आणि मालकाला महिन्याभरात कागद बंद पाहिजे. तू मेहनती आहेस हे मला ठाऊक आहे, पण एक सांग, त्या दादांच्या शेजारी बसलीस का? शिकवायला नाही गं, बघायला. आठ दिवस बस, चार बिल्ट्या स्वतः फाड.

२०१८ च्या १ एप्रिलला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन दाखला, लागू झालं तेव्हा आमच्याकडे हेच झालं. ५०,००० च्या वरचा माल परराज्यात न्यायचा तर बिल पाहिजेच, म्हणून कॉम्प्युटर आले, एका दुपारी ट्रेनिंग आटोपलं आणि रजिस्टर गेलं कपाटात. आमचे दादा रजिस्टरच्या समासात लिहायचे, कोंढाळीला गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत टाकला, तिचा नंबर अमुक. गाडी बदलली की ई-वे बिलाच्या पार्ट-बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, नवा नंबर टाकावाच लागतो, नाहीतर पुढे चेकिंगला माल अडकतो. पण आमच्याकडे लॉगिन एकट्या साहेबाकडे, अन् साहेब रात्री फोनच उचलत नव्हता! मग माणूस कागदावर नाही लिहिणार तर काय करणार? सगळे दादांनाच अडेल म्हणून मोकळे झाले. ते नोकरी सोडून गेले, त्याची हळहळ मला आजही आहे.

मग मी हट्टाने रजिस्टर परत टेबलावर आणलं. मालक चिडला, डबल काम म्हणाला. होऊ दे डबल. रात्रपाळीच्या पोरांना लॉगिन मिळालं तसं रजिस्टर आपोआप कोरं राहायला लागलं, कोणाला सांगावंही लागलं नाही. मी काम लांबवलं असं अजूनही म्हणतात लोक, मी नाही मानत. शेजारी बसल्याशिवाय कळतच नाही ना, अडलंय कुठे ते.

आणि वयाचं कारण देऊ नकोस. रायपूरच्या गाडीला ई-वे बिलाची किती दिवसांची मुदत मिळणार, २०० किलोमीटरला एक दिवस हा हिशोब त्या दादांच्या तोंडावर असतो, तुला मोबाईल काढावा लागेल.

मालकाशी बोलायला जाशील तेव्हा समासातलं सगळं उतरवून ने, आणि सॉफ्टवेअरवाल्याला विचार यातलं काय कुठल्या रकान्यात जाणार. पण त्याच्या आधी बस. दिवसा नको, रात्रपाळीला बस, गाड्या तेव्हाच बिघडतात.