सहभाग, सेवा आणि यश : तीन रकाने भरण्यापूर्वी

एप्रिलमध्ये सुरू झालेले सत्र उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये खऱ्या अर्थाने मार्गी लागते, आणि त्याच सुमारास नववी ते बारावीच्या मुलांच्या घरी ‘यंदा काय काय करायचे’ हा विषय निघतो. या वेळी आलेली बहुतेक पत्रे त्याविषयीच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा यंदा नववीत गेला. त्याच्या शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याला एक तक्ता दिला असून त्यात सहभाग, सेवा आणि यश असे तीन रकाने आहेत. वर्षभराची उद्दिष्टे मुलाने स्वतः लिहायची आहेत. त्याने ‘सर्व स्पर्धांत भाग घेईन, समाजसेवा करीन, 95 टक्के गुण मिळवीन’ असे लिहिले. वर्गशिक्षिकांनी ‘पुन्हा विचार करून लिही’ असा शेरा देऊन तक्ता परत केला. आता ‘आई, तूच सांग’ म्हणून तो माझ्या मागे लागला आहे. मी सांगितले तर ते त्याचे राहणार नाही, आणि नाही सांगितले तर तो मित्राचे पाहून उतरवील. काय करावे?
— एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : वर्गशिक्षिकांनी तक्ता परत केला हे चांगलेच झाले. तुमच्या मुलाच्या तिन्ही वाक्यांत खोटे काही नाही, पण येत्या मंगळवारी संध्याकाळी त्याने काय करायचे आहे, हे त्यांपैकी एकाही वाक्यावरून कळत नाही. तेव्हा आधी तक्ता बाजूला ठेवावा आणि एका कोऱ्या कागदावर त्याच्या आठवड्याचे तास त्याच्याकडूनच मांडून घ्यावेत : शाळा, जाणे-येणे, शिकवणी, गृहपाठ, जेवण, झोप, आणि मोबाइलसुद्धा, जो मुले अशा हिशेबातून हमखास गाळतात. मग जे तास उरतील त्यांतच सहभाग आणि सेवा बसवायची आहे. ‘सर्व स्पर्धा’ त्यात बसत नाहीत हे त्याला आईने सांगण्यापेक्षा कागदाने सांगितलेले बरे.

त्यानंतर त्याच्या प्रत्येक वाक्यापुढे तीनच गोष्टी विचाराव्यात : कधी, कोणाबरोबर आणि कशाऐवजी. उत्तरे त्याची त्यालाच देऊ द्यावीत. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घरोघरी नेमका तोच टाळला जातो. आठवड्यातून तीन संध्याकाळी मल्लखांबाला जायचे असेल, तर त्या संध्याकाळी आजवर जे होत होते ते कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय उद्दिष्ट कागदावरच राहते. (मल्लखांबाचे नाव उगाच घेतलेले नाही. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले, आणि ज्यात मागच्या महिन्यात न जमलेली गोष्ट या महिन्यात जमली हे मुलाला स्वतःच्या अंगावर कळते असे खेळ या वयात फार उपयोगी पडतात. मात्र त्याची आवड खो-खोची किंवा नाटकाची असेल, तर तेच लिहावे.) सहभागाच्या रकान्यात एकच उपक्रम असला तरी चालेल. मुलगा एक दिवस गेला नाही तर कोणाची तरी अडचण होईल, असा तो असावा.

आता 95 टक्क्यांविषयी. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी उद्दिष्टांवर अनेक दशके काम केले. ‘जमेल तेवढे चांगले कर’ असे सांगितलेल्यांपेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट समोर ठेवणारे सरस ठरतात, हा त्यांचा निष्कर्ष आता बऱ्याच शाळांपर्यंत पोचला आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र तक्ते छापणाऱ्यांच्या कानावर गेलेली दिसत नाही : काम नवे असेल आणि ते करण्याची रीतच अजून हाती आलेली नसेल, तर निकालाचा आकडा माणसाला गोंधळात टाकतो, आणि अशा वेळी ‘अमुक रीत शिकेन’ असे उद्दिष्ट अधिक कामी येते. नववी हे नेमके असे वर्ष आहे, कारण विज्ञान आणि गणित या दोन्हींची जात आठवीनंतर बदलते.

तुमच्या मुलाची शाळा सीबीएसईची असेल, तर मुख्य विषयांत 80 गुण वार्षिक परीक्षेला आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात. ते 20 नियतकालिक चाचण्या, इतर प्रकारचे मूल्यमापन, पोर्टफोलिओ आणि विषयाशी निगडित उपक्रम यांत पाच-पाच असे वाटलेले असतात. यांतले बरेचसे गुण वेळेवर आणि नीटनेटके काम करण्याचे आहेत, म्हणजे सर्वस्वी त्याच्या हातातले आहेत. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र त्याच्या हातात नाही. म्हणून यशाच्या रकान्यात ‘95 टक्के’ खोडून ‘दर रविवारी सकाळी त्या आठवड्यातल्या धड्याचे प्रश्न वही न उघडता सोडवीन, आणि जे चुकतील ते सोमवारी सरांना विचारीन’ असे काहीसे आले, तर त्याने उद्दिष्ट पाळले की नाही हे त्याला प्रत्येक सोमवारी कळेल. त्यासाठी निकालाच्या दिवसापर्यंत थांबावे लागणार नाही. टक्के मनात ठेवायला हरकत नाही. आजोबांना सांगायलाही नाही.

प्रश्न : मी अकरावीत, गणित शाखेत आहे आणि भंवरकुआला कोचिंगला जाते. आमच्या शाळेत राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे आणि मला त्यात नाव द्यायचे आहे. बाबा म्हणतात की जेईईला याचा एकही गुण मिळत नाही, मग वेळ कशाला घालवायचा? त्यांचे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : बाबांनी सांगितलेली वस्तुस्थिती अगदी बरोबर आहे. जेईई मेनचा क्रमांक परीक्षेतल्या कामगिरीवर लागतो आणि सेवेच्या प्रमाणपत्राचा त्यात काही भाग नाही. तेव्हा ‘पुढे उपयोग होईल’ असे गोलमोल सांगून त्यांची समजूत घालायला जाऊ नकोस, कारण तो वाद तू हरशील. तुला हे का करायचे आहे ते सांग आणि सोबत तासांचा हिशेब दाखव.

हिशेब असा आहे. योजनेच्या नियमित कामासाठी वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास धरलेले असतात, आणि शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. परीक्षा आणि सणवार वगळून वर्षाचे चाळीस आठवडे धरले, तर आठवड्याला तीन तास होतात. अकरावीत एवढे निघतात. खरी अडचण बारावीत येईल, कारण जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत असते, फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा सुरू होते आणि एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र येते, म्हणजे दिवाळीनंतर तुझ्याकडे मोकळे असे काही राहणार नाही. म्हणून नाव देण्यापूर्वी पथकाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना दोन गोष्टी सरळ विचार : शिबिर साधारण कोणत्या महिन्यात असते, आणि बारावीच्या मुलांचे तास दिवाळीपूर्वी पूर्ण करण्याची सोय आहे का. उत्तर ‘बघू’ असे आले तर ते ‘नाही’ समज.

आणखी एक चौकशी कर, आणि ती बारावीच्या मुलींकडे कर : गेल्या वर्षी तुम्ही कुठे गेलात आणि तिथे काय केलेत? त्यांनी एखाद्या वस्तीचे नाव घेतले आणि तिथल्या माणसांविषयी सांगितले, तर जरूर नाव दे. पण त्यांना फक्त रॅली, फलक आणि सामूहिक छायाचित्र आठवत असेल, तर ते 120 तास वाचवून तू आठवड्यातून एक तास शेजारच्या सहावीतल्या मुलाला अपूर्णांक शिकवलेस, तरी अधिक काम होईल.

बाबांशी एक गोष्ट आधीच ठरवून घे : कोचिंगच्या चाचण्यांत सलग किती वेळा घसरण झाली तर तू थांबशील. ही अट तू स्वतःहून मांडलीस, तर त्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळेल असे मला वाटते.

प्रश्न : आमचे मराठी मंडळ दर वर्षी गणेशोत्सव करते. गेल्या दोन-तीन वर्षांपासून नववी-दहावीची मुले ‘सेवेचे तास’ मागायला येतात. निर्माल्याच्या टोपल्यांजवळ तासभर उभी राहतात, छायाचित्र काढतात आणि प्रमाणपत्र मागतात. नाही म्हणावे तर मुले दुरावतील, हो म्हणावे तर मनाला पटत नाही. त्यांना आम्ही कोणते काम द्यावे?
— मंडळाचे एक कार्यवाह, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मुलांना फार दोष देता येत नाही. सीबीएसईने 2018 पासून नववी ते बारावीच्या आरोग्य व शारीरिक शिक्षणात ‘सेवा’ हा घटक आणला, आणि शाळा त्याचा पुरावा मागतात. पुरावा मागितला की छायाचित्र येणारच. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात तर शालान्त पदविकेसाठी 75 तासांचे सेवा-शिक्षण सक्तीचेच आहे. तिथे सेवेच्या आधी तयारी आणि नंतर त्यावर विचार हे दोन टप्पेही अपेक्षित असतात. आपल्याकडे तास उचलले गेले आणि हे दोन टप्पे मागे राहिले.

माझी सूचना अशी की, प्रमाणपत्र द्यावे, पण त्यावर ‘सक्रिय सहभाग’ असे न छापता केलेले काम लिहावे. ‘दहाही दिवस सायंकाळच्या आरतीनंतर निर्माल्यातून प्लॅस्टिक आणि दोरे वेगळे केले’ हे वाक्य ज्याला मिळवायचे आहे, त्याला दहाही दिवस यावे लागेल. या कामाची खरी गरज आहे हे तुम्ही जाणताच. घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकलेल्या आपल्या शहरातही मांडवातल्या हारांमध्ये थर्माकोलचे मणी, जरीच्या फिती आणि स्टेपलच्या पिना निघतात. फुलांचे खत करायचे, तर ते सगळे हातानेच निवडावे लागते, आणि तासाभरात बोटे पिवळी होतात.

उत्सवापलीकडचे काम हवे असेल, तर ते मंडळाने स्वतः कल्पून ठरवू नये. ज्यांच्यासाठी करायचे त्यांना विचारून ठरवावे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतात आणि ते ऐन वेळी मिळत नाहीत. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा अशी साधारणपणे अट असते. त्यामुळे नववी आणि अकरावीच्या मुलांना इथे खरोखर मागणी आहे. अक्षर स्वच्छ हवे, सांगितलेले जसेच्या तसे लिहिण्याची सवय हवी, उत्तर येत असूनही गप्प बसता आले पाहिजे, आणि परीक्षेच्या दिवशी काहीही झाले तरी पोचायला हवे. अशा संस्थेशी बोलून चार मुलांचा दोन महिने सराव करून घेतला, तर त्यातून जबाबदारीचे जे शिक्षण होईल ते कोणत्याही शिबिरात होणार नाही.

ज्यांना माणसांपेक्षा मोकळी हवा मानवते, त्यांच्यासाठी सिरपूर तलाव आहे. 2022 मध्ये त्याचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. तिथे एकदा जाऊन ‘पक्षीनिरीक्षण’ केल्याने काही होत नाही. तेच दोन मुलांनी महिन्यातून दोन रविवारी, एकाच जागेवरून, एकाच वेळी पक्ष्यांची नोंद वर्षभर ठेवली, तर ती वही कोणाच्या तरी कामाची ठरते.

प्रश्न : माझी भाची दहावीत आहे आणि तिला पुढे अमेरिकेत शिकायला पाठवायचा विचार चालू आहे. तिथल्या अर्जात दहा उपक्रम लागतात असे ऐकून तिने एकदम सहा ठिकाणी नावे घातली आहेत. हे योग्य आहे का?
— एक मामा, इंदूर

उत्तर : अनेक महाविद्यालये स्वीकारतात त्या ‘कॉमन ॲप’ नावाच्या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी जास्तीत जास्त दहा जागा असतात. त्या सगळ्या भरल्याच पाहिजेत असे बंधन नाही. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरांची मर्यादा असते आणि त्यासोबत आठवड्याचे तास व वर्षाचे आठवडे लिहावे लागतात. म्हणजे सहा ठिकाणी घातलेली नावे तिथे तासांच्या रूपाने उघडी पडतात. घरात लहान भावंडाला सांभाळणे किंवा वडिलांच्या दुकानात हिशेब पाहणे हेसुद्धा त्या यादीत लिहिता येते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. सहापैकी कोणते दोन बारावीपर्यंत टिकतील ते तिलाच ठरवू द्यावे आणि बाकीची नावे काढून घ्यावीत.

प्रश्न : मुलाने आठवीत एनसीसी घेतली. आता नववीत ‘मला सोडायची आहे’ म्हणतो. अर्ध्यावर सोडायची सवय लागू नये असे आम्हाला वाटते.
— एक पालक, विजय नगर, इंदूर

उत्तर : आधी नेमके काय नको झाले आहे ते विचारा. पहाटेचा परेड, ऊन, एखाद्या वरिष्ठ कॅडेटचा जाच, की मित्राने सोडली म्हणून? जाच असेल तर प्रश्न सोडण्याचा नाही, शाळेतल्या एनसीसी अधिकाऱ्यांना ताबडतोब भेटण्याचा आहे. तसे काही नसेल, तर ‘ए’ प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते आणि शिबिरही करावे लागते, हे त्याच्यासमोर मांडा. निम्मा रस्ता झाला आहे. वार्षिक शिबिर होईपर्यंत थांबायचे आणि परत आल्यावर निर्णय त्याने घ्यायचा, असे ठरवावे. परत आल्यावरही त्याला सोडायचीच असेल, तर सोडू द्यावी, पण मोकळ्या झालेल्या त्या तासांत काय करणार हे त्याच्याकडून आधी लिहून घ्यावे.